नकाराखालची सही

तेरा एप्रिल, शनिवार. सकाळी साडेदहाच्या सुमाराला मी कराडजवळच्या मलकापुरात माझ्या दुकानात एका पाणबुडी मोटरचं जळालेलं वाइंडिंग सोडवत होतो. तेवढ्यात सासऱ्यांचा फोन आला. माझी बायको आम्रपाली दोन दिवसांपूर्वी जयंतीसाठी माहेरी, आटपाडीला गेली होती. आमची पाच वर्षांची मुलगी सृष्टीही तिच्याबरोबर होती. सासरे म्हणजे जालिंदर मामा. फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेत. फोनवर ते हॅलो म्हणत नाहीत, थेट बोलतात.

"राजरत्न, आमू पडली. पोटात कळ आली म्हणली आन उभ्याची खाली बसली. विट्याला न्हेतोय. तुमी निघा."

"शुद्धीवर हाय का?"

"हाय, पर पांढरी पडलीया. निघा तुमी."

मोटर तशीच उघडी टाकून मी गाडीला किक मारली. आम्रपालीला दिवस जाऊन अडीच महिने झाले होते. चक्कर आली असेल, उन्हानं झालं असेल, असं मी वाटेत स्वतःला सांगत होतो. कडेगावात गाडी थांबवून फोन केला तर मामा म्हणाले, "विट्याला येऊ नगा. हितं मशीन लावून बघितलं, पोटात रक्त हाय म्हणत्यात. चार-पाच बाटल्या रक्त लागंल आन लगीच ऑपरेशन. सांगलीला चाललोय."

मी सांगलीला पोचलो तेव्हा दुपारचा दीड वाजला होता. मामा अपघात विभागाच्या बाहेर भिंतीला पाठ लावून ताठ उभे होते. हातात आम्रपालीच्या चपला होत्या. मला बघून ते म्हणाले, "तासगावच्या अलीकडंच गेली."

एवढंच म्हणाले. मी आत जाऊन तिला बघितलं. ओठ कागदासारखे झाले होते. पोट फुगलेलं होतं. केसांत सकाळी माळलेला गजरा तसाच होता.

थोड्या वेळानं एका तरुण डॉक्टरांनी आम्हा दोघांना बाजूला घेतलं. ते हळू बोलत होते. गर्भ पिशवीच्या मधोमध नव्हता, असं ते म्हणाले. नळी जिथं पिशवीला मिळते त्या कोपऱ्यात तो रुजला होता. तिथं जागा नसते. वाढता वाढता तो कोपराच फुटला आणि सगळं रक्त पोटात गेलं. असं फार कमी बायकांत होतं. मग त्यांनी विचारलं, "आधी सोनोग्राफी केली होती का?"

मामा म्हणाले, "केली की सायब. कराडला. तीन आठवडं झालं आसतील. समदं व्यवस्थित हाय म्हणलं व्हतं."

"कुणी म्हटलं?"

मामांनी माझ्याकडं बघितलं. त्यांना ते मीच फोनवर सांगितलं होतं.

"पोटावरून केली होती का आतून?"

"पोटावरनं," मी म्हणालो.

"आतून का नाही केली? आतून केली असती तर बहुतेक तेव्हाच दिसलं असतं."

मी मामांच्या हातातल्या चपलांकडं बघितलं. नर्सनं हाक मारली म्हणून डॉक्टर गेले. मामा मात्र तिथंच उभे राहिले. पोस्टमॉर्टेमची वाट बघत आम्ही बाकड्यावर बसलो होतो, तेव्हा त्यांनी मला तोच प्रश्न विचारला.

"त्या कराडच्या बाईनं आतनं का न्हाई बघितलं?"

मी म्हणालो, "काय म्हाईत."

मी पहिलं खोटं बोललो ते तिथं, आम्रपाली आत असताना.

दुसऱ्या दिवशी, चौदा एप्रिलला, आम्ही तिला कराडात अग्नी दिला. आटपाडीच्या त्यांच्या गल्लीत त्या वर्षी मिरवणुकीच्या गाड्या निघाल्या नाहीत. मांडव मात्र तसाच राहिला होता, तो कुणी उतरवला नाही. वंदना झाली, त्रिशरण झालं. सृष्टी तिच्या आजीच्या मांडीवर बसून सगळ्यांबरोबर हात जोडत होती. तिला वाटत होतं, जयंतीचीच वंदना चालली आहे.

आता त्या सोनोग्राफीचं सांगतो.

आम्रपाली बी.ए. झालेली होती. मलकापुरात एका ई-सेवा केंद्रात लोकांचे अर्ज भरायची. दाखले, शिष्यवृत्ती, रेशनकार्ड, सगळं. कागद वाचल्याशिवाय ती कुणाला सही करू द्यायची नाही. म्हातारी माणसं तिच्याकडंच रांग लावायची. ती त्यांना दटावायची, "आजोबा, वाचून तरी बघा की. उद्या माझ्या नावावर रान केलंसा तर?" मग आजोबाच हसायचे.

दीड वर्षापूर्वी तिला दिवस गेले होते. सातव्या आठवड्यात डॉक्टरांनी आतून सोनोग्राफी केली आणि बाळाला ठोके नाहीत म्हणाले. दोन दिवसांनी घरातच सगळं पडून गेलं. न्हाणीत ती भिंतीला धरून बसली होती, मी पाणी ओतत होतो. त्यानंतर महिनाभर ती नीट जेवली नाही. माझ्या आईचं, बाळाबाईचं, म्हणणं असं की आत नळी घातली म्हणूनच ते गेलं. गल्लीतल्या बायकाही तेच म्हणायच्या. डॉक्टरांनी समजावलं होतं की गर्भ आधीच गेलेला होता, तपासणीनं काही होत नसतं. मी मान हलवली होती. पण मनातून मला आईचंच खरं वाटत होतं. मी बघितलं होतं ना, बुधवारी तपासणी झाली आणि शुक्रवारी गेलं.

या वेळी मार्चमध्ये आम्ही तिघं कराडातल्या सोनोग्राफी सेंटरला गेलो. मी, आम्रपाली आणि आई. तिथल्या डॉक्टर तरुण बाई होत्या, शिवांजली मॅडम. आधी भरपूर पाणी प्यायला सांगितलं होतं. आमचा नंबर यायला दीड तास लागला. आम्रपाली बाकड्यावर चुळबुळ करत होती.

"आवं, टाकी काठोकाठ भरली. आता मोटर लावा न्हाईतर मी चालले घरला."

"आणि थोडं थांब."

"थांब म्हणायला तुमचं काय जातंय." मग हातातला फॉर्म बघून म्हणाली, "ह्यात एकच गोष्ट चार बारी इचारलीया. आमच्या सेंटरला आसला फॉर्म आला आसता तर मी परत धाडला आसता."

आई म्हणाली, "गप बस गं. दवाखाना हाय."

मग नंबर लागला. ती आत गेली. दहा मिनिटांनी आम्हालाही बोलावलं. मॅडम म्हणाल्या, "ठोके आहेत." ते ऐकून आईनं दोन्ही हात जोडले. मला खरंच रडू येत होतं. आम्रपाली पोटावरचं जेल पुसत माझ्याकडं बघून हसत होती.

मॅडम पुढं म्हणाल्या, "पण मला एक शंका आहे. गर्भ अगदी एका बाजूला दिसतोय, उजव्या कोपऱ्याला. त्या बाजूची भिंत पातळ वाटते. पोटावरून हे नक्की सांगता येत नाही. आतून बघावं लागेल. पाच मिनिटांचं काम आहे. बऱ्याचदा काही नसतं, पण असलं तर आत्ता कळलेलं बरं. आत्ता कळलं तर इंजेक्शनवर किंवा छोट्या ऑपरेशनवर निभावतं."

आई म्हणाली, "आतनं म्हंजे नळी घालूनच न्हवं का?"

"त्यानं बाळाला काही होत नाही, आजी."

आईनं नको म्हणून मान हलवली. मॅडम म्हणाल्या, "बाहेर बसून ठरवा. तोवर यांनी लघवीला जाऊन यावं. आतून करायची तर मूत्राशय रिकामं लागतं."

आम्रपाली जाऊन आली. आम्ही तिघं जिन्याजवळ उभे राहिलो. तिथं जे बोलणं झालं ते आम्हा तिघांशिवाय कुणी ऐकलं नाही.

आई म्हणाली, "मागल्या बारीला आसंच केलं आन दोन दिसांत समदं गेलं."

आम्रपाली म्हणाली, "आत्याबाई, तवा ठोकंच नव्हतं. ते आदीच गेल्यालं."

"त्येंचं काय जातंय आसं म्हणायला."

"न्हाई वो. बाई डॉक्टर हाय, पाच मिनटाचं काम हाय म्हणतीया." मग ती माझ्याकडं वळली. "करून घेऊया की आवं. दोन दीस झालं उजव्या बाजूला जरा दुखतंय पण. एकदा बघून घेतलं की मनाला घोर न्हाई."

आईनं पदर सावरला. मग म्हणाली, "तुमचं तुमी बघा बाबा. करायचं तर करा. मी म्हातारी, मला काय कळतंय."

म्हणजे आईनंही सोडून दिलं होतं. आता फक्त माझं व्हय म्हणणं बाकी होतं.

मी वीस वर्षं मोटरींचं वाइंडिंग भरतोय. आमच्या धंद्यात एक नियम आहे. चालती मोटर खोलायची नाही. गिऱ्हाईक म्हणतं, जरा आवाज येतोय, खोलून बघा. आपण खोलतो, परत बसवतो, आणि नंतर ती पहिल्यासारखी चालत नाही. मग गिऱ्हाईक आपल्याच गळ्यात पडतं. पाणी चढतंय तोवर हात लावायचा नाही. मला वाटलं, ठोके चालू आहेत. आता आत काही घालायचं नाही. डोळ्यांसमोर न्हाणीची भिंत होती.

मी म्हणालो, "नको. ठोके हायत न्हवं? मग बास. चालती मोटर खोलायची नसती."

"मी मोटर हाय व्हय?" ती म्हणाली आणि हसली.

"चेष्टा नको. मी सांगतोय, नको."

तिनं माझ्या तोंडाकडं नीट बघितलं. मग माझ्या दंडाला हात लावून म्हणाली, "तुमी लय भ्यालायसा. बरं. ऱ्हाऊंद्या मग."

आत जाऊन तिनंच सांगितलं, "मॅडम, आमी आतनं नको म्हणतोय." मॅडमनी परत सगळं समजावलं. मग तिसऱ्यांदा समजावलं. ती खाली बघत होती. मी म्हणालो, "नको मॅडम, पुढच्या वेळी बघू." मग त्यांनी एक कागद दिला आणि लिहून मागितलं. काउंटरवरची मुलगी सांगत गेली आणि मी लिहीत गेलो. 'आतून सोनोग्राफी न केल्यास होणारे धोके मला समजावून सांगितले आहेत. तरीही मी स्वतःच्या मर्जीने ही तपासणी नाकारत आहे.' आम्रपाली वरून वाकून बघत म्हणाली, "अक्षर जरा बरं काढा. कुणी बघितलं तर म्हणंल हिचा नवरा कंपाउंडर हाय."

मी लिहून खाली सही करायला गेलो तर मुलगी म्हणाली, "तुमची नको. पेशंटची लागते."

ज्या बाईनं कधी कुणाला न वाचता सही करू दिली नाही, तिनं तो कागद वाचला. 'स्वतःच्या मर्जीने' या शब्दांवर तिचं बोट थांबलं. तिनं माझ्याकडं बघितलं आणि सही केली.

आठ दिवसांनी परत या, दुखलं किंवा चक्कर आली तर लगेच या, असं मॅडम म्हणाल्या होत्या. आठ दिवसांनी मी तिला घेऊन गेलो नाही. दुकानात चौदा मोटरी पडून होत्या, मार्चअखेर होती, लोकांचे ऊस वाळत होते. तिचं दुखणं कमी झालं होतं. जयंती झाली की जाऊ, असं मी म्हणालो. मामांना फोन करून सांगितलं, "समदं व्यवस्थित हाय. ठोके आलेत." मामा म्हणाले, "शाबास."

आम्रपाली गेल्यावर मामांनी एक फाईल केली. फौजेतला माणूस. विट्याचा कागद, सांगलीचा कागद, पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट, कराडच्या सोनोग्राफीचा रिपोर्ट, सगळं तारखेनुसार लावलं. दर आठ दिवसांनी ते आटपाडीहून एसटीनं मलकापूरला यायचे. सृष्टीसाठी खारे शेंगदाणे आणायचे. मग फाईल उघडून बसायचे.

"मला पैसा नको, राजरत्न. कुणाला जेलात घालायचं न्हाई. त्या बाईनं फकस्त समोर येऊन म्हणावं, माजी चूक झाली. मशीन हाय, शिक्षण हाय, आन आतनं बघितलं न्हाई. का न्हाई बघितलं? तेवढं सांगावं."

मी मान हलवायचो.

"तुमी बोलत कसं न्हाई? तुमची बायकू व्हती."

"काय बोलू मामा."

"व्हय. तुमच्या जागी मी आसतो तर मलाबी सुचलं नसतं." असं म्हणून ते माझ्या पाठीवरून हात फिरवायचे. तो हात मला सहन व्हायचा नाही.

एकदा मामा गेल्यावर आई माझ्यासमोर येऊन बसली. लसूण सोलत होती. म्हणाली, "राजा, त्यास्नी सांगून टाक. माजं नाव घे. म्हातारीनं आडीवलं म्हण. मला शिव्या देतील, देऊंद्यात. माजं किती दीस राह्यलं."

मी म्हणालो, "तू आडीवलं न्हाईस. तू करा म्हणली व्हतीस."

"पर इषय काढला मीच न्हवं का आदी."

"करा म्हणलीस त्याच्यानंतर मी नको म्हणलो."

आई लसूण सोलत राहिली. बऱ्याच वेळानं म्हणाली, "मग तुजं नाव घे."

मी उठून दुकानात गेलो.

जूनमध्ये मामा म्हणाले, तक्रार अर्ज तयार आहे, पण द्यायच्या आधी एकदा त्या बाईला समोरासमोर विचारायचं. मी नको म्हणून बघितलं. ते म्हणाले, "तुमी नाय आला तर मी एकटा जातो." मग मी गेलो. एकटे गेले असते तर मला नंतर तोंड दाखवता आलं नसतं, असं वाटलं. गेलो तरी दाखवता येणार नव्हतं. तरी गेलो.

शिवांजली मॅडमनी आम्हाला आत बसवलं. त्यांना बातमी माहीत होती. मामांनी उभ्यानंच विचारलं, "मॅडम, मी आम्रपालीचा बाप. एकच सवाल हाय. तुमी आतनं का न्हाई बघितलं?"

मॅडमनी कपाटातून कागद काढला आणि मामांच्या हातात दिला. म्हणाल्या, "काका, मी तीनदा सांगितलं होतं. पेशंटनं नकार दिला. मला जबरदस्ती करता येत नाही."

मामांनी चष्मा लावला. कागद वाचला. परत वाचला. मग सहीवर बोट ठेवलं. ती सही त्यांना ओळखू येणारच होती. शाळेच्या दाखल्यापासून बघत आले होते.

"कोपऱ्यातला गर्भ फसवतो," मॅडम सांगत होत्या. "नळीत असला तर लवकर फुटतो, लवकर त्रास होतो. कोपऱ्याला मांस जाड असतं, तो दहा-अकरा आठवडे दम काढतो. तोवर काही कळत नाही. पोटावरून बघितलं तर तो पिशवीतच आहे असं वाटतं, आणि ठोकेही असतात. मला शंका आली होती. मी आणखी जोर करायला हवा होता. मलाही ते रोज आठवतं."

मामा ऐकत नव्हते. त्यांनी मला विचारलं, "हे अक्षार कुणाचं?"

"माजं."

"तिनं सांगितलं, तसं लिवलंसा?"

मॅडम माझ्याकडं बघत होत्या. जिन्याजवळ काय झालं ते त्यांना माहीत नव्हतं. मामा माझ्याकडं बघत होते. मला एवढंच म्हणायचं होतं की ती करूया म्हणाली होती, मी नको म्हणालो. एक वाक्य. ते जिभेपर्यंत आलं होतं.

मी म्हणालो, "व्हय."

मामांनी कागद मॅडमना परत दिला. दोन्ही हात जोडले. "माफ करा मॅडम. माजीच पोरगी चुकली," म्हणाले आणि बाहेर पडले.

कराडच्या स्टँडवर आटपाडीची गाडी लागायला पाऊण तास होता. मी चहा आणला. त्यांनी तो हातात धरला आणि थंड होऊ दिला. शेवटी म्हणाले, "गावात पयली पोरगी बी.ए. केली. लोक म्हणलं, हवालदार, पोरीला शिकवून काय करायचं. मी म्हणलं, फसणार न्हाई कुठं. आन तिनंच आसं करावं?"

"मामा..."

"तिच्या आयला काय सांगू आता? दोन म्हयनं झालं, त्या डॉक्टरणीला शिव्या देतीया. एवढं लिवलेलं समोर हाय आन सही करतीस? कशाला भ्यालीस गं? का लाजलीस?"

ते मला विचारत नव्हते. गाडी आली. ते चढले. फाईल सीटवर बाजूला ठेवून ते समोर बघत बसले. मी खिडकीखाली उभा होतो. गाडी निघेपर्यंतही मी सांगू शकलो असतो.

तेव्हापासून त्यांनी माझ्याकडं फाईल आणली नाही. अर्ज त्यांनी चुलीत घातला, असं सासूबाईंनी सांगितलं. पण मामा बसून राहिले नाहीत. आटपाडीत ज्या घरात सुनेला, लेकीला दिवस गेलेत असं कळतं त्या घरी ते स्वतः जातात. बाहेर पायरीवर बसतात, पाणी मागतात आणि सांगतात. पहिल्या दीड-दोन महिन्यांत सोनोग्राफी करा. डॉक्टर आतून बघू म्हणाले तर बघू द्या. त्यानं गर्भ जात नाही. गर्भ कुठं बसलाय ते त्यानंच नक्की कळतं. माझ्या आमूनं नको म्हणलं आणि आम्ही तिला घालवली.

आरोग्य केंद्राच्या आशाताई त्यांना आता सभेलाही बोलावतात. ऑगस्टमध्ये मी सृष्टीला घेऊन गेलो होतो, तेव्हा समाजमंदिरात अशी एक सभा होती. पंधरा-वीस बायका होत्या. मामा उभे राहून बोलले. पुढं बसलेली एक नवी सून शेजारणीला म्हणाली, "शिकल्याली हुती आन आसं केलं? आपुन अडाणी बरं म्हणायचं." शेजारीण म्हणाली, "लाजली आसंल. काय तरी डोस्क्यात घेतलं आसंल." दोघी तोंडाला पदर लावून हळूच हसल्या.

सभेनंतर आशाताईंनी मला सांगितलं, मामांच्या बोलण्यावरून एक पोरगी आतून तपासायला तयार झाली आणि तिचा गर्भ नळीत निघाला. वेळेवर ऑपरेशन झालं. ती जगली. आशाताईंना वाटलं मला बरं वाटेल. बरं वाटलंही. त्या पोरीच्या घरी आम्रपालीचं नाव घेतात, म्हणाल्या. मी विचारलं, काय म्हणून घेतात? त्या जरा अडखळल्या. मग म्हणाल्या, "हेच, की तिनं केली तशी चूक आपल्या पोरीनं केली न्हाई."

सभा चालू असताना मी मागच्या बाकावर बसलो होतो. मामांनी मला पुढं बोलावलं नाही. मला त्रास नको म्हणून. ते अजूनही माझी काळजी घेतात. परवा फोन करून म्हणाले, "वय काय झालंय तुमचं, दुसरं बघा. सृष्टीला आय पायजे. माजी ना न्हाई. आमूच्या चुकीची सजा तुमी का भोगायची?"

मी फोन ठेवला आणि दुकानाचं शटर दिवसाढवळ्या ओढून घेतलं.

आई आता माझ्याशी कामापुरतं बोलते. वाढते, ताट उचलते. मामांचा फोन आला की उठून परसात जाते. तिनं परत कधी विषय काढला नाही. एकदा फक्त म्हणाली, "मेलेल्या माणसाला त्वांड न्हाई म्हणून व्हय?"

दोनदा मी आटपाडीला जायला निघालो. एकदा विट्यापर्यंत गेलो. स्टँडसमोर गाडी लावली, तासभर बसलो आणि मागं फिरलो. एकदा पत्र लिहिलं. 'मामा, आम्रपाली तयार होती' इथपर्यंत लिहिलं. पुढं 'मी' लिहायचं होतं. त्या नकाराच्या कागदावर 'मी' लिहिताना हात अडला नव्हता, कारण तो 'मी' तिचा होता.

गेल्या रविवारी सृष्टी आटपाडीहून परत आली. तिला जेवू घालत होतो. ती म्हणाली, "पप्पा, आज्जा म्हणत्यात आईनं डॉक्टरचं ऐकलं न्हाई. का न्हाई ऐकलं?"

मी म्हणालो, "जेव आदी."

"मी आईसारखी करणार न्हाई. मी डॉक्टरचं ऐकणार."

"बरं."

ती जेवली आणि खेळायला गेली.

आम्रपाली जाऊन सात महिने झाले. ती तपासणी करून घ्यायला तयार होती, हे मामांना मी अजून सांगितलेलं नाही. सृष्टीलाही नाही.